मातीच्या छोट्या धरणाची राखण: बांध, पाणपक्षी आणि माणसं

छोट्या मातीच्या धरणाची जबाबदारी बहुतेकांकडे आपसूक चालून येते. जमीन घेतली की तिच्यासोबत तळं येतं, एखाद्या समितीत नाव लागतं, नाहीतर निसर्गमंडळाला जुना जलाशय सांभाळायला मिळतो. नव्या माणसाचं लक्ष आधी पाण्याकडे जातं: बदकं, खंड्या, गळ टाकून बसलेली माणसं, एखादी होडी. बांध मात्र गवताचा लांबट उंचवटा म्हणून नजरेआड राहतो.

म्हणून सुरुवात त्या उंचवट्यापासून करू. बांधावर फक्त आखूड गवत असावं. पक्षी, मासे, झाडं आणि माणसं यांना जी जागा द्यायची ती पाण्याच्या बाकीच्या कडांना, विशेषतः वरच्या उथळ टोकाला, हात सैल सोडून द्यावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाटणीतून निघतात.

पायरी १: आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येनुसार पायापासून १५ मीटर किंवा त्याहून उंच धरण मोठं समजतात. उंची ५ ते १५ मीटर असली तरी साठा ३० लाख घनमीटरहून जास्त असेल तर तेही मोठ्यातच जमा. आपण बोलतोय ते याहून लहान धरणांबद्दल. पण लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. खालच्या अंगाला घरं, रस्ता किंवा पूल असेल तर चार मीटरचा बांधसुद्धा माणसांच्या जिवाशी जोडलेला असतो.

बांधाचे भाग एकदा जागेवर उभं राहून ओळखा. पाण्याकडचा उतार बहुधा सौम्य असतो, तीन मीटर आडवा तर एक मीटर उभा. बाहेरचा उतार थोडा जास्त, दोन ते अडीचास एक. पोटात चिकणमातीचा गाभा असू शकतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं कवच. लाटांचा मार झेलायला आतल्या उतारावर दगडांचं पिचिंग असतं, झिरपलेलं पाणी सुखरूप बाहेर यावं म्हणून बाहेरच्या पायथ्याशी दगडांचा थर आणि चर असतो. पाणी हवं तेव्हा सोडण्यासाठी बांधाखालून जाणारी मोरी किंवा नळ आणि त्याची झडप. आणि एका टोकाला सांडवा, म्हणजे पुराचं पाणी बांधावरून न जाता बाजूने निघून जाण्याची वाट.

पुराच्या सर्वांत उंच पातळीपासून बांधाच्या माथ्यापर्यंत उरणारी कोरडी उंची हाच आपला शिलकीचा भाग. माती वर्षानुवर्षं खचते, माथ्यावर माणसांची आणि गुरांची ये-जा असते, त्यामुळे ही उंची नकळत कमी होते. लेव्हल (उंची मोजायचं उपकरण) लावून माथ्याची उंची शेवटपर्यंत मोजून घ्या. सगळ्यात खोलगट जागा बांधाच्या मध्यावर निघाली तर ती तातडीने भरून घ्यायची, कारण पूर आला की पाणी तिथूनच पहिलं ओलांडणार.

जुने नकाशे, परवानगीचे कागद, पाण्याचे हक्क, धरणाची सरकारदरबारी असलेली नोंद हे सगळं एका फाइलीत आणा. नियम जागोजाग वेगळे असतात. त्यामुळे खोदकाम, उंची वाढवणं किंवा मासे सोडणं यातलं काहीही करण्याआधी संबंधित खात्याकडे विचारणा करायचीच. सुरुवातीलाच एकदा धरणांचं काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. पुढची राखण तुम्ही स्वतः करू शकता, पण पहिला दाखला जाणकाराचा हवा.

पायरी २: बांधावरून चालायला शिका

संपूर्ण लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, आणि त्याला पैसा लागत नाही. महिन्यातून एकदा, प्रत्येक जोरदार पावसानंतर आणि तळं काठोकाठ भरतं तेव्हा तर रोज, बांधाची पायी फेरी मारायची. सरळ माथ्यावरून चालत गेलात तर अर्धं दिसत नाही. बाहेरच्या उतारावर नागमोडी चाला, पायथ्यापासून वर आणि वरून पायथ्याकडे. नंतर पायथ्याच्या कडेने एक फेरी. फेरीच्या आधी गवत कापलेलं असलं तर उत्तम. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा जा. उभ्या उन्हात न दिसणारे खोलगट भाग आणि फुगवटे तिरप्या उन्हात सावल्यांमुळे लगेच कळतात. दरवेळी ठरावीक जागांवरून फोटो काढत गेलात की दोन वर्षांत तुमच्याकडे बांधाचा इतिहास तयार होतो.

पाहायचं काय? पहिली गोष्ट पाणी. मातीचा बांध झिरपतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जलाशयाच्या पातळीपासून ओलाव्याची रेषा बांधाच्या पोटातून उतरत जाते आणि नीट बांधलेल्या धरणात ती पायथ्याच्या दगडी थरात संपते. ती उताराच्या मध्यावरच बाहेर पडत असेल तर मात्र थांबायचं. आसपास सगळं गवत वाळलेलं असताना एकच पट्टा हिरवागार दिसणं, तिथे लव्हाळा उगवणं, पावलाखाली माती दबणं, या त्याच्या खुणा.

झिरपणारं पाणी काचेच्या स्वच्छ बरणीत भरा. पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा, मग बरणी तासभर एका जागी ठेवा. पाणी नितळ राहिलं आणि तळ स्वच्छ राहिला तर बांधातून फक्त पाणी जातंय. तळाशी बारीक मातीचा थर बसला तर बांध आतून वाहून चाललाय. पाण्याच्या वाटेवरचा एकेक कण निघतो, वाट रुंदावते, रुंद वाटेने पाणी जास्त वेगाने येतं आणि आणखी माती ओढतं. ही आतली धूप बाहेरून फारशी दिसत नाही आणि शेवटच्या काही तासांत फार झपाट्याने वाढते. अमेरिकेतलं टीटन धरण आपल्या विषयापेक्षा कितीतरी मोठं होतं, पण मातीचंच. ५ जून १९७६ रोजी सकाळी तिथे गढूळ गळती दिसली आणि दुपारी बारा वाजायच्या आत धरण फुटलं.

पाण्याचं मोजमापही ठेवा. चराच्या तोंडाशी दहा लिटरची बादली धरून घड्याळ लावा. चाळीस सेकंदांत भरली तर मिनिटाला पंधरा लिटर. त्याच ओळीत त्या दिवशीची जलाशयाची पातळी लिहायची, कारण पातळी वाढली की गळती वाढणं साहजिक आहे. पातळी तीच आणि गळती मात्र वाढलेली, हा इशारा. एकाएकी गळती थांबणं हीसुद्धा चांगली बातमी नसते. चर किंवा गाळणीचा थर तुंबून पाणी दुसरीकडे वाट शोधत असण्याची शक्यता असते.

दुसरी गोष्ट भेगा. कोरड्या हवामानात चिकणमाती आक्रसून पडणाऱ्या उथळ जाळीदार भेगा माती भरून ठोकल्या की भागतं. बांधाच्या लांबीला समांतर पडलेली भेग, विशेषतः कमानीसारखी वळलेली आणि एक कड खाली बसलेली, म्हणजे उतार घसरायला लागलाय. बांधाला आडवी, पाण्याकडून बाहेरच्या बाजूला जाणारी भेग सगळ्यात वाईट, कारण ती पाण्याला सरळ वाट देते. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोका, अंतर मोजा, तारीख लिहा आणि अभियंत्याला बोलवा. खुंट्या मात्र छोट्याच, माथ्यावर खोल खड्डे घ्यायचे नाहीत.

मोरीचं बाहेरचं तोंड जरा जास्त वेळ पाहा. नळाच्या आतून येणारं पाणी वेगळं आणि नळाच्या भोवतीच्या मातीतून येणारं वेगळं. नळाच्या कडेने माती कधीच बाजूच्या मातीइतकी घट्ट बसत नाही, म्हणून जुन्या बांधांत पाण्याची चोरवाट बहुधा तिथेच तयार होते. झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून बंद करून पाहा. गरज पडेल त्या रात्री ती गंजून अडकलेली निघाली तर तिचा उपयोग काय?

पायरी ३: सांडव्याला हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका

तळ्यात मासे सोडले की पहिल्या पुरात ते सांडव्यावरून निघून जातात. मग कोणीतरी सुचवतं, सांडव्याला जाळी लावू. तसंच अजून थोडं पाणी साठावं म्हणून सांडव्यावर फळ्या किंवा वाळूची पोती लावायची इच्छा होते. या दोन्ही सूचना ऐकल्या की मला साउथ फोर्कची आठवण होते.

पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क हे सुमारे २२ मीटर उंचीचं मातीचं धरण. मुळात कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. १८७९ मध्ये ते मासेमारी आणि शिकारीच्या हौशी क्लबकडे गेलं. पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधाची उंची थोडी कमी करण्यात आली. आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात जाळ्यांत ओंडके आणि पालापाचोळा अडकला, पाणी सोडायला दुसरी वाट नव्हती, बांध ओलांडून पाणी गेलं आणि बांध वाहून गेला. खाली असलेल्या जॉन्सटाउनमध्ये २,२०० हून अधिक माणसं दगावली. यातल्या बहुतेक गोष्टी करमणुकीच्या सोयीसाठी केलेल्या किंवा टाळलेल्या होत्या, आणि प्रत्येक वेगळी घेतली तर क्षुल्लक वाटते.

तेव्हा सांडव्यात जाळी नको, कुंपण नको, पादचारी पुलाचे खांब नकोत, होड्या उलट्या घालून ठेवणंही नको. झुडपं उगवली तर काढायची, तळाला घळ पडली तर दगड-मातीने दुरुस्त करायची. थोडे मासे गेले तर जाऊ द्या.

पायरी ४: बांधावर झाडं आणि बिळं नकोत

निसर्गप्रेमी माणसाला ही पायरी जड जाते, मला ते समजतं. बांधावर आपोआप उगवलेलं झाड सुंदर दिसतं, त्यावर घरटंही असतं. पण वादळात ते उन्मळलं की मुळांसकट बांधाचा मोठा लचका निघतो. आणि तोडलं किंवा वाळलं तर मुळं कुजून त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. शिवाय दाट झाडोऱ्याखाली गवत तगत नाही आणि गळती दिसत नाही. म्हणून बांध आणि पायथ्यापासून सात-आठ मीटरचा पट्टा झाडांपासून मोकळा ठेवतात. रोपटं बोटाएवढं असतानाच उपटा. मोठं जुनं झाड असेल तर कुऱ्हाड घेऊन धावू नका. खोड कापून मुळं तशीच सोडणं हा उपाय नव्हे, मुळं काढून खड्डा थराथराने ठोकून भरावा लागतो आणि तोही पाण्याची पातळी खाली असताना, जाणकाराच्या देखरेखीखाली.

बिळांचंही तसंच. उंदीर, घुशी, साळिंदर, खेकडे, वाळवीची वारुळं, जे तुमच्या भागात असेल ते. एक बीळ पाण्याकडून आत आणि दुसरं बाहेरून आत गेलं की मधली माती पातळ उरते. बीळ रिकामं असल्याची खात्री करून चिकणमातीचा पातळ राडा आत ओता, मुरू द्या, पुन्हा ओता, तोंड माती ठोकून बंद करा. गवत आखूड राहिलं तर बिळं लवकर दिसतात आणि लपायला जागा नसल्याने प्राणी तिथे कमी वस्ती करतात. साळिंदराला राहायचंच असेल तर जलाशयाच्या पलीकडच्या टेकाडावर भरपूर जागा आहे, तिथे झुडपं वाढू द्या.

पायरी ५: पाणी हळू उतरवा

इथे धरणाचं हित आणि पक्ष्यांचं हित एकाच दिशेने जातं, म्हणून ही माझी सर्वांत आवडती पायरी.

झडप उघडून तळं भराभर रिकामं केलं तर बांधाच्या आतल्या उतारातलं पाणी तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. बाहेरून पाण्याचा आधार गेलेला, आत माती भिजून जड, आणि उतार घसरतो. म्हणून दिवसाला ३० सेंटिमीटरहून जास्त पातळी उतरवू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. जुन्या किंवा चिकणमातीच्या बांधाला याहून सावकाश.

आता पातळी दिवसाला दोन-चार सेंटिमीटरनेच उतरली तर काय होतं ते काठावर बसून पाहा. रोज नवा ओला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, गोगलगायी असतात. चिखलात चरणारे पक्षी टोच मारत पाण्याच्या कडेकडेने मागे सरकत जातात. आखूड पायाचे अगदी कडेला, लांब पायाचे घोटाभर पाण्यात, त्यापलीकडे वीतभर पाण्यात शेपटी वर करून चरणारी बदकं, आणि एक मीटरहून खोल पाण्यात बुडी मारणारी. खोलीचा एवढासा फरक आणि प्रत्येकाचं ताट वेगळं. उघड्या पडलेल्या गाळावर रोपं उगवतात, बी धरतात, आणि पाणी पुन्हा चढलं की तेच बी बदकांचं अन्न होतं. स्थलांतरी पक्षी येण्याच्या सुमारास पातळी उतरायला लागेल असं वेळापत्रक ठेवा. मात्र काठावर घरटी असताना पातळी एकदम वाढवायची नाही, अंडी बुडतात.

पायरी ६: वरचं टोक वन्यजीवांना द्या

ओढा जिथे तळ्याला मिळतो ते टोक आपोआप उथळ असतं. गाळही तिथेच साठतो. तिथे पाणकणीस, लव्हाळे, बोरू वाढू द्या, पण सलग भिंत होऊ देऊ नका; मध्ये मोकळ्या पाण्याचे वळणावळणाचे कप्पे हवेत. पक्ष्यांना आणि बेडकांना वनस्पती आणि पाणी यांची सीमा जितकी लांब तितकी सोयीची. वाळलेलं झाड पाण्यात उभं असेल तर राहू द्या, पाणकावळे आणि खंड्या तिथे बसतात. काठापासून किमान पंधरा-वीस मीटर पट्ट्यात स्थानिक गवत आणि झुडपं राखली तर शेतातली माती आणि खत पाण्यात उतरण्याआधीच बरंचसं अडतं. मुख्य पाण्यापासून वेगळी, मासे पोचणार नाहीत अशी दोन-तीन छोटी डबकी बेडकांसाठी ठेवा. त्यांची पिल्लं माशांच्या तडाख्यात वाचत नाहीत.

मासे सोडायचे तर त्याच नदीखोऱ्यातले. बाहेरच्या जाती एकदा पुरात खाली गेल्या की परत काढता येत नाहीत. जलपर्णी दिसली की त्याच दिवशी हाताने काढून पाण्यापासून लांब टाका. पोषक पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे आज चार रोपं काढणं किंवा काही महिन्यांनी यंत्र बोलावणं एवढाच पर्याय असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. रात्रभर शेवाळ आणि कुजणारा पाला तो वापरत असतात. मूळ कारण बहुतेकदा वरून येणारं खत किंवा सांडपाणी असतं, तिकडे बघा.

पायरी ७: माणसांसाठी आखीव वाटा

माणसं येणारच आणि यावीतही. तळ्यावर प्रेम असलेली माणसंच त्याची राखण करतात. फक्त त्यांची पावलं कुठे पडतील ते आधी ठरवावं.

माथ्यावरून पायवाट हवी असेल तर खडीची करा, तिचा उतार किंचित जलाशयाकडे ठेवा म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या उतारावर घळी पाडणार नाही. चाकोऱ्या पडल्या की लगेच भरा. बाहेरच्या उतारावर लोक जिथून चढतात तिथे लाकडी किंवा दगडी पायऱ्या द्या, नाहीतर ती वाट खोल होत जाते. बाक, फलक, झेंड्याचे खांब बांधात रोवायचे नाहीत. मासेमारीचा धक्का आणि पक्षी बघायची मचाण बाजूच्या काठांवर.

जलाशयाचे दोन भाग करा: एकात होड्या आणि गळ, दुसऱ्यात कोणीच नाही. शांत भाग अर्थातच वरच्या टोकाचा. अंतर किती ठेवायचं ते पक्षी स्वतः सांगतात. चरणारे पक्षी मान वर करून एकदम स्तब्ध झाले की तुम्ही जवळ आलात, तिथूनच मागे फिरायचं. ते उडेपर्यंत थांबायचं नाही. शिशाची वजनं गळाला लावू देऊ नका. पाणपक्षी ती खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये या कारणासाठी १९८७ साली बहुतेक शिशाच्या गळवजनांवर बंदी आली. पाव टाकणंही थांबवा.

पोहायला परवानगी द्यायची की नाही हा तुमचा निर्णय, पण मोरीच्या तोंडापाशी आणि सांडव्याजवळ कधीच नाही. उघड्या झडपेकडे जाणारी पाण्याची ओढ वरून दिसत नाही आणि माणसाला सोडत नाही. तिथे तरंगती दोरी लावून भाग वेगळा करा. होडीत प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट, काठावर दोरी बांधलेलं तरंगतं कडं. पाण्यावर हिरव्या रंगाची साय किंवा तवंग आला तर पोहणं बंद, कुत्र्यांनाही पाण्यात सोडू नका. काही नीलहरित शेवाळं विषारी असतात.

पायरी ८: वाईट रात्रीची तयारी

एका कागदावर लिहा: बांधाखाली कोण राहतं, त्यांचे फोन, पाणी पोचायला लागणारा अंदाजे वेळ, झडप कोण उघडणार, तिची चावी कुठे आहे, अभियंता, पोलीस, आपत्ती व्यवस्थापन यांचे क्रमांक. हा कागद तीन घरांत असावा आणि दरवर्षी पावसाआधी प्रत्येक क्रमांकावर फोन करून तो चालू असल्याची खात्री करावी.

पायथ्याशी माती घेऊन पाणी उसळताना दिसलं तर ते भोक माती कोंबून बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असा थर द्या, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. तोपर्यंत दुसऱ्या माणसाने झडप उघडायला घ्यायची. अशा वेळी जलाशय वाचवण्यापेक्षा दाब कमी करणं आधी. गळती गढूळ होऊन वाढत असेल, माथा खचत असेल किंवा आतल्या पाण्यात भोवरा दिसत असेल तर थर देत बसायचं नाही. बांधावरून सगळ्यांनी उतरायचं, उंच जागी जायचं आणि पहिला फोन खाली राहणाऱ्यांना करायचा, अभियंत्याला नंतर.